दोन डाव्या बाह्या

४ फेब्रुवारी

कापडाचा व्यापारी दर वर्षी दुकानाला एक डायरी भेट देतो आणि दर वर्षी माझी धाकटी जाऊ तिच्यात दोऱ्यांचे नमुने चिकटवते. यंदा मी ती उचलून घरी आणली. डॉक्टरांनी काही दिवस घरी बसायला सांगितलंय आणि नुसतं बसणं मला कधी जमलेलं नाही. हाताला चाळा हवा.

झालं ते एवढंच. मी पार्सल घेऊन दुकानाबाहेर पडले आणि सामान पोचवणारी एक व्हॅन, चालकाने वळून न बघता, भसकन मागे आली. मी आमच्याच शटरवर जाऊन आदळले. मनगट मुरगळलं, कपाळाच्या वर टाके पडले. इस्पितळात डोक्याचं स्कॅन केलं, ते स्वच्छ निघालं. हे मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "डोक्यात काही सापडलं नाही." मी म्हटलं, "लग्नाच्या वेळी तुमच्या आईचंही हेच म्हणणं होतं." नर्ससुद्धा हसली. म्हणजे मी ठणठणीत आहे.

कोर्टासमोरच्या गल्लीत आम्हा दोघी जावांचं शिवणाचं दुकान आहे. वकिलांचे काळे कोट ही आमची खासियत. मी बेतते आणि कापते, धाकटी शिवते. माझ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. धाकटी तशीही डावखुरी, तिच्या हाताला माझी कात्री चालायचीच नाही. जुन्या गिऱ्हाइकांना मी ट्रायललासुद्धा बोलवत नाही. माप एकदा घेतलं की डोक्यात बसलं. नावं विसरेन, खांदे विसरणार नाही. सगळे वकील मला मास्तर म्हणतात, ते काही उगाच नाही.

एक गंमत लिहून ठेवते. एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्याकडून कोटाच्या आत चोरखिसा करून घेतला होता, पेपरमिंटच्या गोळ्यांसाठी. भर कोर्टात "माझ्या अशिलाने काहीही लपवलेलं नाही" म्हणत त्यांनी हात उंचावला आणि समोर गोळ्यांचा सडा पडला. न्यायाधीश म्हणाले, "अशिलाचं नंतर बघू, आधी तुम्ही लपवलेलं उचला."

९ फेब्रुवारी

आज दुकानात गेले. हे नको नको म्हणत होते. गेले ते बरंच झालं, कारण माझ्या मागे धाकटीने वाटेल तो कारभार चालवलाय. नव्या ट्यूब लावल्यात, त्यांचा उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचतो. म्हणते, "ताई, त्या जुन्याच आहेत." मशीनचा आवाजही वाढलाय. म्हटलं, तेल दे जरा. म्हणाली, कालच दिलं. उत्तर मात्र हिच्याकडे तयारच असतं.

दुपारी मी अस्तराला इस्त्री करत होते तर ही मागून किंचाळत धावत आली, "ताई, जळतंय! वास येत नाही का?" मला काही वास आला नाही. कापड थोडं तांबूस झालं होतं खरं. पण त्याचा केवढा तमाशा! पूर्वी ही इतकी नाटकी नव्हती.

संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागलं. ट्यूबमुळे.

१३ फेब्रुवारी

एक गंमत लिहायची राहूनच गेली. एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्याकडून कोटाला चोरखिसा करून घेतला होता, आत पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायला. भर कोर्टात "माझ्या अशिलाने काहीही लपवलेलं नाही" म्हणून हात वर केला आणि सगळ्या गोळ्या खाली! न्यायाधीश म्हणाले, "आधी तुम्ही लपवलेलं उचला." अशा गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत, नाहीतर विसरतात माणसं.

१७ फेब्रुवारी

व्हॅनच्या मालकाच्या विमा कंपनीचा माणूस आला होता. अंगात तयार कोट, खांदे दंडावर ओघळलेले. बोलायला मात्र गोड. इस्पितळाचं बिल देतो म्हणाला, वर थोडी भरपाई. त्यांच्या कागदावर सही करायची, की मला आता काही त्रास नाही आणि यापुढे मी काही मागणार नाही. म्हटलं, एकदाची ब्याद टळेल. ४ मार्चला कागद घेऊन यायचं ठरलं.

हे म्हणाले, "जरा थांबली असतीस. तुला अजून रोज डोकेदुखी आहे." मी यांच्यावर ओरडले. म्हणजे हे म्हणतात, ओरडले. मी फक्त म्हटलं की मला वेडी ठरवायची घाई झाली असेल तर तसं स्पष्ट सांगा. हे उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. एवढं काय लागलं त्यांना, कळत नाही.

धाकटीला म्हटलं, ते दे गं ते, ते... कापायचं. तिने मुकाट्याने कात्री दिली. घाईत शब्द सुचत नाही कधी कधी. सगळ्यांचंच होतं.

२० फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहूनच ठेवते. सकाळी झोप मोडली म्हणून लवकर दुकानात गेले. शटर अर्धं उघडं. आत धाकटी माझ्या टेबलाशी उभी, माझी कात्री हातात, आणि कापड कापत होती. मला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय चाललंय?" म्हटलं, तर म्हणे, "काही नाही ताई, कडा सरळ करत होते." कडा! माझ्या कापलेल्या कापडाची कडा वाकडी असते का कधी?

तिच्या अंगठ्याला फोड आलाय, चांगला टपोरा. विचारलं तर म्हणाली इस्त्रीचा चटका. अंगठ्याच्या आतल्या बाजूला इस्त्री लागते होय? मी काही दूधखुळी नाही. मी घरी बसले तेवढ्या दिवसांत हिला मास्तर व्हायची स्वप्नं पडायला लागली. घरचा भेदी, आणखी काय. हिच्या लग्नात हिचं पोलकं मी बेतलं होतं. वाईट वाटतं.

२६ फेब्रुवारी

मनाशी ठरवलं होतं ते केलं. वकीलबाईंचा कोट मी धाकटीच्या हातात दिलाच नाही. वकीलबाई म्हणजे माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, उजवा खांदा जरासा उतरता. मीच बेतला, मीच कापला, मीच शिवला, अस्तरसुद्धा हाताने घातलं. मनगट दुखलं तरी सोडलं नाही. कापड दुहेरी अंथरण्याइतकं रुंद नव्हतं म्हणून बाह्या एकेरी कापडावर कापल्या. बाहीचा कागदी खाका ठेवला, एक कापली. खाका सरकवला, दुसरी कापली. धाकटी दोनदा म्हणाली, "ताई, मी एकदा बघू?" म्हटलं, "तू तुझी मशीन बघ." ट्रायल नाही, काही नाही, सरळ घडी घालून पिशवीत भरला. हातच्या काकणाला आरसा कशाला!

३ मार्च

आज दुकानाची अब्रू गेली.

वकीलबाई सकाळीच आल्या. पिशवीतून कोट काढला, अंगात घातला आणि हात खाली सोडले. डावी बाही जशी हवी तशी, कोपराशी किंचित पुढे वळलेली. उजवी मात्र मागे वळलेली, बटणं पुढे. उजवा हात कुणीतरी मागून ओढून धरावा तशा उभ्या होत्या. "मास्तर, मी काल अशी कोर्टात उभी राहिले," म्हणाल्या. "समोरचे वकील म्हणाले, आधी हात तरी पुढे करा."

दोन्ही बाह्या डाव्या! शिकाऊ पोरीची चूक ही. एकेरी कापडावर दुसरी बाही कापताना खाका पालटावा लागतो, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. मी धाकटीकडे वळले आणि जे तोंडाला येईल ते बोलले, गिऱ्हाइकासमोर. धाकटी खाली बघत म्हणाली, "माझ्या हातून झालं, बाई. माफ करा." बघा, कबूलच केलं.

मग वातावरण हलकं करावं म्हणून मी वकीलबाईंना पेपरमिंटचा किस्सा सांगितला. खूप हसल्या. चहा मागवला. चहा झाल्यावर निघताना त्यांना पेपरमिंटचा किस्सा सांगितला, तर हसल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग धाकटीकडे बघितलं. मग विचारलं, "मास्तर, तुम्ही मध्यंतरी पडला होतात का?" व्हॅनचं सांगितलं. उद्याच्या सहीचंही सांगितलं. त्या परत खुर्चीत बसल्या.

"सही करू नका," म्हणाल्या. "मी डॉक्टर नाही, पण डोक्याला मार लागलेले अशील मी पाहिलेत. स्कॅन स्वच्छ असतं आणि माणूस मात्र पहिल्यासारखं नसतं. आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. एकदा सही केलीत की मग मीही काही करू शकणार नाही."

मी म्हटलं, "बाई, बाही चुकली धाकटीची आणि डोकं माझं तपासायचं?" त्या कोट तिथेच ठेवून गेल्या. बिचाऱ्यांना कोट बिघडल्याचा राग असणार.

४ मार्च

सकाळी लवकर दुकानात गेले. विमावाला यायच्या आत एक काम उरकायचं होतं. धाकटीने केलेली चूक उसवून तिच्यासमोर ठेवायची होती, म्हणजे पुन्हा माझ्या टेबलाकडे फिरकणार नाही.

उजव्या बाहीचं अस्तर उसवायला घेतलं. आतले हाताचे टाके दिसले. सगळे टाके उजवीकडे कललेले आणि शेवटी दुहेरी गाठ.

धाकटी डावखुरी. तिचा टाका डावीकडे कलतो. आणि ती एकच गाठ मारते, त्यावरून मी तिला किती वर्षं बोलतेय.

मी डाव्या बाहीचं अस्तर उसवलं. मग कॉलरच्या खालचं बघितलं. सगळीकडे माझाच हात. हा कोट मी शिवलाय. आणि मला तो शिवल्याचं आठवत नाही. एक टाकासुद्धा आठवत नाही. मी स्टुलावर बसले आणि खूप भीती वाटली. व्हॅन अंगावर आली तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

धाकटी आली तेव्हा मी तशीच बसले होते, मांडीवर कोट. तिने उसवलेलं अस्तर बघितलं आणि तिला सगळं कळलं. मी विचारलं, "काल माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाइकासमोर खाली बघितलेलं मला चाललं नसतं."

"आणि त्या दिवशी सकाळी, माझी कात्री घेऊन?"

"ताई, त्या आठवड्यात तीन कोटांचे बाहीचे मुंढे लहान कापले गेले होते. मी व्यापाऱ्याकडून तसलंच कापड आणून परत कापत होते. तुमच्या कात्रीने. माझ्या हातात ती उलटी बसते, म्हणून तो फोड."

मी तिला घरचा भेदी म्हटलं होतं. निदान या वहीत म्हटलं होतं. तिचा अंगठा हातात घेतला आणि रडले. तीही रडली. तेवढ्यात विमावाला आला, बघून घाबरला, म्हणाला, "कुणी गेलं का?" धाकटी डोळे पुसत म्हणाली, "नाही, पण तुम्ही जा. सही होणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला. माझ्याच तालमीत तयार झालीय शेवटी.

११ मार्च

मेंदूच्या डॉक्टरीण तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. काही शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. मला त्यातले दोनच आठवले. बाटल्यांचे वास घ्यायला लावले. एका बाटलीत कॉफी होती म्हणे. माझ्या नाकाला सगळ्या बाटल्यांत पाणीच होतं. यांना विचारलं, स्वभावात काही फरक? यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चिडते. आणि चिडल्याचं तिला आठवत नाही." मला ते ऐकून रागच आला, पण या वेळी राग आल्याचं कळलं.

डॉक्टरीण म्हणाल्या, "आदळल्यावर मेंदू आतल्या आत हलतो. ते स्कॅनमध्ये दरवेळी दिसतंच असं नाही." म्हटलं, अस्तर फाटलं तरी कोट बाहेरून चांगलाच दिसतो. म्हणाल्या, "अगदी तसंच. हे मी बाकीच्या पेशंटना सांगू का?" म्हटलं, सांगा, पैसे घेणार नाही.

बरं होईल का? बरंचसं होईल, म्हणाल्या. हळूहळू. विश्रांती आणि सराव दोन्ही हवं. वासाचं सांगता येत नाही.

घरी येताना यांना म्हटलं, "सापडलं बरं का डोक्यात." हे हसले नाहीत. माझा हात धरून चालत राहिले, भर रस्त्यात. लग्नानंतर असा कधी धरला नव्हता.

१५ मार्च

वकीलबाईंनी माझा खटला घेतला नाही. म्हणाल्या, "कोट माझा. तो मी घातला, तुम्ही तोच किस्सा दोनदा सांगितलेला मी ऐकला. म्हणजे मी साक्षीदार. साक्षीदाराने वकील होऊ नये." त्यांनी मला बेचाळीसकडे पाठवलं. हे उंच वकील, छाती बेचाळीस, नाव काही केल्या माझ्या लक्षात राहत नाही. अपघाताआधीही राहत नव्हतं, हे मी त्यांना आवर्जून सांगितलं.

बेचाळीस म्हणाले, उपचारांचा खर्च, बुडालेलं काम, पुढे लागणारा वेळ, सगळं मागता येईल. मुदतीच्या आत अर्ज करू. डॉक्टरीणबाईंचा अहवाल आहे. "पण मास्तर, तुम्हाला स्वतः सांगावं लागेल. सगळ्यांसमोर, की आता तुमच्या हातून कापड चुकतं."

कोर्टाच्या त्या इमारतीत जो काळा कोट घालून फिरतो तो माझं गिऱ्हाईक. तिथे उभं राहून असं म्हणायचं? मग दुकानात कोण येईल? धाकटीच्या पोटावर पाय द्यायचा? म्हटलं, "वकीलसाहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची."

ते म्हणाले, "मूठ झाकलीत तर समोरचा म्हणेल, आत काही नाहीच."

विचार करून सांगते म्हटलं. तेव्हापासून विचारच करतेय.

१९ मार्च

धाकटीला विचारलं, काय करू? म्हणाली, "ताई, दुकान चालेल किंवा नाही चालणार. पण तुम्ही बऱ्या नसताना बऱ्या आहात म्हणून लिहून द्यायचं, हे मला नाही पटत." मशीन थांबवून बोलली, म्हणजे मनापासून. बेचाळीसना हो कळवलं.

२ जून

मधले महिने डायरीला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेला सराव चालू आहे. दुपारी अंधाऱ्या खोलीत पडते. गडद चष्मा लावते, त्यामुळे गल्लीत मला नटी म्हणतात. डोकेदुखी रोजची होती, ती आता अधूनमधून येते.

आज कोर्टाच्या इमारतीत तडजोडीची बैठक झाली. मधोमध एक निवृत्त न्यायाधीश, समोर विमावाला, त्याच तयार कोटात. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या व्हरांड्यात माझी अर्धी गिऱ्हाइकं उभी. विमावाला म्हणाला, "बाई किती व्यवस्थित बोलतात बघा! हसतात, विनोद करतात. स्कॅन स्वच्छ. दुकानही चालू आहे. यात दुखापत कुठे दिसते?"

बेचाळीसनी पिशवीतून वकीलबाईंचा कोट काढला. उसवलेलं अस्तर मी मागेच परत टाचून ठेवलं होतं, बाह्यांना हात लावला नव्हता. "जरा घालून बघता?" त्याने न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांनाही उत्सुकता होती. घातला बिचाऱ्याने. डावा हात आरामात गेला. उजवा गेला तो मागेच ओढला गेला. "आता समोरच्या कागदावर सही करून दाखवा," बेचाळीस म्हणाले. त्याने पेन उचललं, पण हात पुढे येईना. व्हरांड्यात कुणीतरी हसलं.

मग मी उभी राहिले. म्हटलं, "हा कोट मीच बेतला. मीच कापला, मीच शिवला. दोन्ही बाह्या डाव्या. आजवर असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आणि मला तो शिवल्याचं आठवत नाही. दोष मी माझ्या जावेला दिला, तिने तो घेतला. मला कापडाचा जळका वास येत नाही. मी आता एकटीने कापू शकत नाही." शेवटचं वाक्य म्हणताना रडू आलं. पण म्हटलं.

व्हरांड्यातलं हसू थांबलं होतं. विमावाला हळूच कोट काढत होता, त्याला तो निघेना. मीच पुढे होऊन काढला. सवय.

त्यांनी मान्य केलं. उपचारांचा खर्च, बुडालेलं काम, पुढच्या वर्षाची तजवीज. सही झाली, पण या वेळच्या कागदावर मला त्रास आहे असं लिहिलेलं होतं.

४ जून

दुकान उघडलं तर दारात वकीलबाई, बेचाळीस आणि पेपरमिंटवाले ज्येष्ठ वकील. मला वाटलं, दिलेलं कापड परत न्यायला आले. ज्येष्ठ म्हणाले, "मास्तर, नवा कोट शिवायचाय. पण यापुढे ट्रायल हवी हं. इतकी वर्षं तुम्ही ट्रायल घेत नाही म्हणून गुपचूप घालत आलो. डावी बाही मला कायम अर्धा इंच लांब व्हायची."

इतकी वर्षं! आणि मी खांदे विसरत नाही म्हणून मिरवत होते. धाकटी मशीनमागे तोंड लपवून हसत होती. मीही हसले. मग त्यांचं माप नव्याने घेतलं. मी आकडे मोठ्याने म्हणत गेले आणि धाकटी लिहीत गेली.

१९ जून

भरपाईतून पहिली वस्तू आणली, डावखुऱ्यांची कात्री. व्यापारी म्हणाला मागवावी लागते, म्हटलं मागवा. आज आली. धाकटीच्या टेबलावर ठेवली. हो, तिचं टेबल. तिने ती उचलून उलटसुलट करून बघितली. मग अंगठा आत घातला. बरोबर बसला.

वकीलबाईंच्या कोटाची उजवी बाही आज आम्ही दोघींनी मिळून कापली. मी खडूने आखलं, सुलट बाजू, उलट बाजू, मोठ्याने. ती म्हणाली, "खाका पालटला." मी म्हटलं, "पालटला." मग तिने कात्री चालवली. सरळ, न थांबता, एकाही ठिकाणी न अडखळता. मला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त अभिमान. बाही मुंढ्यात बसवायला मला चार दिवस लागतील. पूर्वी एक दुपार लागायची. लागू देत.

कापून झाल्यावर दोघी चहाला बसलो. मला काहीतरी सांगायचं होतं, तोंडाशी आलं होतं, आणि मी थांबले. म्हटलं, "तो पेपरमिंटचा किस्सा. तुला सांगितलाय का गं मी?"

धाकटीने कप खाली ठेवला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "पेपरमिंटचा? नाही हो ताई, कधीच नाही. सांगा ना."

खोटं बोलते. आता मला कळतं. सांगितला.